बायप्रिझमचं पान: सूत्र बरोबर, भर चुकीच्या जागी

नेट-सेटची किंवा पेटची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, "फ्रिंज विड्थचं सूत्र काय?" उत्तर तयार असतं: बीटा बरोबर लॅम्डा कॅपिटल डी भागिले स्मॉल डी. आता पुढचा प्रश्न विचारा: "या तीन राशींपैकी कुठल्या राशीवर तुझा सगळ्यात कमी भरवसा आहे?" इथे बहुतेक जण गप्प होतात. बी.एस्सी.ला असताना मीही गप्पच झाले असते.

आजची पोस्ट म्हणजे एका पानाची समीक्षा आहे. पान कुठल्या एका पुस्तकाचं नाही. प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या प्रकरणात दोन उद्गमांची आकृती, त्याखाली पट्ट्यांमधल्या अंतराचं सूत्र, आणि मग फ्रेनेलच्या बायप्रिझमने सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची कृती, असं जे पान पाठ्यपुस्तकात, गाइडमध्ये आणि आपल्या जर्नलमध्ये थोड्याफार फरकाने सापडतं, ते पान. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाठ केलंय आणि जर्नलात उतरवून सही घेतलीय. माझी तक्रार अशी आहे की या पानावरचं गणित बरोबर आहे, पण भर चुकीच्या जागी दिलाय. संशोधनात उतरल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. मी मोजलीय, ते पुढे सांगतेच.

आधी पानाचं जे चांगलं आहे ते

मांडणी स्वच्छ आहे, हे मान्य केलं पाहिजे. दोन उद्गमांपासून पडद्यावरच्या एका बिंदूपर्यंत दोन वाटा, त्यांच्यातला पथफरक, तो तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल तर उजेड आणि अर्ध्याच्या विषम पटीत असेल तर अंधार. चार ओळींत सूत्र हातात येतं. बायप्रिझमची निवडही उत्तम. एकाच स्लिटचा प्रकाश प्रिझमच्या दोन अर्ध्यांतून वळतो आणि दोन आभासी उद्गम तयार होतात. दोन्हींचा जन्म एकाच स्लिटमधून, म्हणून त्यांच्यातला कलेचा संबंध टिकून राहतो. यंगच्या पट्ट्या कडांवरच्या विवर्तनामुळे दिसत असतील, अशी शंका त्या काळी घेतली जात होती. फ्रेनेलने आरसे आणि बायप्रिझम वापरून त्या शंकेला उत्तर दिलं.

इतिहासाची ओळ मात्र बऱ्याच ठिकाणी ढिली असते. "१८०१ मध्ये यंगने दोन स्लिट वापरून प्रयोग केला" असं लिहिलेलं असतं. यंगने १८०१ च्या व्याख्यानात व्यतिकरणाचं तत्त्व मांडलं हे खरं. पण २४ नोव्हेंबर १८०३ रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने जो प्रयोग सांगितला, त्यात दोन स्लिट नव्हत्याच. खिडकीच्या आडोशातल्या बारीक छिद्रातून आलेल्या उन्हाच्या किरणात त्याने कार्डाची एक अरुंद पट्टी धरली होती, सुमारे एक तीसांश इंच रुंदीची. पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतल्या पट्ट्या नाहीशा व्हायच्या. दोन छिद्रांचं किंवा दोन स्लिटांचं वर्णन येतं ते १८०७ च्या त्याच्या व्याख्यानसंग्रहात. एक तीसांश इंच म्हणजे ०.८५ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

आता हिशोब करू

आपल्या प्रयोगशाळेत सहज जमेल अशी मांडणी घेऊ. बायप्रिझमचे दोन लघुकोन अर्ध्या अंशाचे, काचेचा अपवर्तनांक १.५, स्लिटपासून बायप्रिझम १० सेंटिमीटरवर, स्लिटपासून आयपीस १०० सेंटिमीटरवर. अर्धा अंश म्हणजे ०.००८७३ रेडियन. दोन आभासी उद्गमांमधलं अंतर, म्हणजे स्मॉल डी, येतं २ × १० × ०.५ × ०.००८७३ = ०.०८७३ सेंटिमीटर, म्हणजे ०.८७ मिलिमीटर. यंगच्या कार्डाच्या जवळपास तेवढंच! सोडियमची सरासरी तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर धरली तर पट्ट्यांमधलं अंतर ०.६७५ मिलिमीटर.

इथे पहिली गफलत. कॅपिटल डी म्हणजे स्लिटपासून आयपीसपर्यंतचं अंतर, बायप्रिझमपासूनचं नाही, कारण आभासी उद्गम स्लिटच्याच पातळीत असतात. बायप्रिझमपासून मोजलं तर १०० ऐवजी ९० येतं आणि उत्तर सरळ अकरा टक्के चुकतं. आकृतीत हे दाखवलेलं असतं, पण कृतीत ठासून सांगितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट. तक्त्यात वीस पट्ट्यांचे रकाने छापलेले असतात. आपल्या मांडणीत पट्ट्या मुळात किती दिसतील? दोन प्रकाशशलाका एकमेकींवर येतात तो भाग आयपीसपाशी २ × ०.५ × ०.००८७३ × ९०० = ७.८५ मिलिमीटर रुंद. भागिले ०.६७५, म्हणजे साडेअकरा. वीस पट्ट्या येणार कुठून? बायप्रिझम २० सेंटिमीटरवर नेला तर वीसेक पट्ट्या मिळतात, पण मग त्यांच्यातलं अंतर निम्मं होतं. हा व्यवहार पानावर कुठेच नाही. वीस ओळी भराव्या लागतात म्हणून मुलं त्या कशा भरतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

चूक कुठे राहते?

सूत्र काढताना आपण म्हणतो, "कॅपिटल डी हे स्मॉल डीपेक्षा खूप मोठं आहे." या गृहीतकावर पानाचा जवळजवळ अर्धा भाग खर्च होतो. पथफरकाचं वर्गमूळ उलगडायचं, लहान पदं सोडून द्यायची. पण सोडलेली पदं किती मोठी होती? मध्यापासून ४ मिलिमीटरवरच्या पट्टीसाठी ती चूक साधारण ४ चा वर्ग भागिले १००० च्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे दहा लाखात आठ. आपल्या मापनाच्या दृष्टीने शून्य.

आता मोजमापांकडे या. मायक्रोमीटर आयपीसचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. प्रत्येक अंतरासाठी तार दोनदा जुळवावी लागते, म्हणून अनिश्चितता धरू ०.०१४ मिलिमीटर.

पट्ट्या: आठ पट्ट्यांचं अंतर ५.४० मिलिमीटर. त्यात ०.०१४ म्हणजे ०.२६ टक्के. उत्तम.

कॅपिटल डी: बेंचवरचा काटा आणि प्रत्यक्ष स्लिट यांच्यात काही मिलिमीटरचा फरक असतो. ५ मिलिमीटर धरले तरी अर्धा टक्का.

स्मॉल डी: हे भिंगाच्या दोन जागांवरून काढतात. २० सेंटिमीटर नाभीय अंतराचं भिंग असेल तर एका जागी प्रतिमांमधलं अंतर २.२९ मिलिमीटर येतं, दुसऱ्या जागी ०.३३. गुणाकाराचं वर्गमूळ ०.८७. पहिल्यात अनिश्चितता ०.६ टक्के, पण दुसऱ्यात ०.०१४ भागिले ०.३३, म्हणजे ४.२ टक्के! वर्गमूळामुळे ती निम्मी होते. स्मॉल डीमधली अनिश्चितता झाली २.१ टक्के.

तिन्ही एकत्र केल्या (वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ) तर तरंगलांबीत २.२ टक्के, म्हणजे सुमारे १३ नॅनोमीटर. जवळजवळ सगळी अनिश्चितता एकाच आकड्यातून आली, त्या ०.३३ मधून. आणि पानावर त्या आकड्याच्या वाट्याला एक ओळ आलीय: "दुसऱ्या स्थितीतील अंतर मोजा."

दहा लाखात आठच्या चुकीला अर्धं पान आणि शंभरात दोनच्या चुकीला एक ओळ. माझी मुख्य तक्रार ती हीच.

५८९३ चा मोह

आता कबुली. दुसऱ्या वर्षाला असताना मला दुसऱ्या जागचं अंतर ०.३१ मिळालं होतं. त्यावरून तरंगलांबी आली ५६८७ अँगस्ट्रॉम. पानाच्या शेवटी प्रमाणित मूल्य छापलेलं होतं: ५८९३. बाजूच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं ५८९० आलेलं. मी खोडरबर घेतलं आणि ०.३१ चं ०.३३ केलं. उत्तर झालं ५८६८. जर्नलवर सही मिळाली, व्हायवात कुणी काही विचारलं नाही.

आज तो हिशोब परत मांडते तेव्हा कळतं की माझं मूळ उत्तर चुकीचं नव्हतंच. ५६८७ अधिक-उणे १२५. प्रमाणित मूल्यापासून २०६ ने दूर, म्हणजे अनिश्चिततेच्या पावणेदोन पटीच्याही आत. असं होऊ शकतं. मी एक प्रामाणिक निरीक्षण खोडून अप्रामाणिक आकडा लिहिला, आणि तोही कशासाठी, तर या मांडणीतून एका बैठकीत चार अंकी अचूक येणं शक्यच नसलेल्या उत्तरासाठी! सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९० आणि ५८९६ वर आहेत. त्यांच्यातलं अंतर ६ अँगस्ट्रॉम, आपली अनिश्चितता त्याच्या वीसपट.

यंगने १८०७ मध्ये काय दिलं होतं बघा. टोकाच्या तांबड्या प्रकाशासाठी सुमारे एक छत्तीस हजारांश इंच, टोकाच्या जांभळ्यासाठी सुमारे एक साठ हजारांश इंच. म्हणजे अंदाजे ७०५ आणि ४२३ नॅनोमीटर. दोन्ही गोल आकडे. हाती जे मोजमाप होतं, त्याला शोभेल एवढंच त्याने लिहिलं. आपल्या जर्नलातही "(५.७ ± ०.१) × १० चा उणे सातवा घात मीटर" असं लिहिलेलं उत्तर पूर्ण मार्कांचं असायला हवं.

ही सवय पुढे काय करते

"अहो, बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं कुणीही म्हणेल. मनावर घ्यायचं, कारण सवय प्रॅक्टिकलच्या खोलीत राहत नाही, आपल्याबरोबर पुढे येते.

कोल्हापूर आणि थिन फिल्म हे नातं जुनं आहे. रासायनिक पद्धतीने पातळ थर करायचं काम शिवाजी विद्यापीठात कित्येक दशकं चाललंय, आणि इथे पीएच.डी.ला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात कधी ना कधी काचेवर चढवलेला थर येतोच. त्याची जाडी काढायचा एक मार्ग व्यतिकरणाचाच आहे. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात, आणि पारगमनाच्या आलेखात चढउतार दिसतात. इथे पट्ट्या पडद्यावर नसून तरंगलांबीच्या अक्षावर असतात, एवढाच फरक. शेजारच्या दोन शिखरांवरून जाडीचं सूत्र मिळतं: दोन तरंगलांबींचा गुणाकार, भागिले अपवर्तनांकाच्या दुपटीने गुणलेला त्यांच्यातला फरक.

माझ्या एका थराचे आकडे सोपे करून देते. शिखरं ८००, ६४० आणि ५४० नॅनोमीटरवर. अपवर्तनांक एका जुन्या पेपरातून घेतला, २.०. पहिल्या जोडीवरून जाडी आली ८०० नॅनोमीटर, दुसऱ्या जोडीवरून ८६४. मी सरासरी काढली, ८३२, आणि पुढच्या कामाला लागले. थराच्या वजनावरून जाडी ५९० येत होती, पण सच्छिद्र थरात वजनाने जाडी कमीच येते, म्हणून तो आकडा बाजूला ठेवला.

ग्रुप मीटिंगमध्ये सरांनी एकच विचारलं, "ऑर्डर कितवी धरलीस?"

"चौथी आणि पाचवी, सर. २.० ने अगदी पूर्णांक येतात."

"आणि तिसऱ्या शिखराला?"

तिसऱ्या शिखराला सहावी ऑर्डर बसवली तर ते ५३३ वर यायला हवं होतं. होतं ५४० वर. आणि ८०० व ८६४ मधला फरक हा मोजण्यातला डळमळीतपणा नव्हता. तो एकाच दिशेने सरकत होता. कारण साधं होतं: अपवर्तनांक स्थिर नव्हता. तरंगलांबी कमी होईल तसा तो वाढत होता. ऑर्डर तिसरी, चौथी, पाचवी धरली आणि अपवर्तनांक २.०, २.१३, २.२५ घेतला, तर तिन्ही शिखरांवरून जाडी येते ६०० नॅनोमीटर. नंतर थराच्या छेदाचं एसईएम चित्र काढलं तेव्हा तीच जाडी दिसली. अपवर्तनांकात पावणेसात टक्क्यांचा बदल दुर्लक्षिला, आणि जाडी तेहतीस टक्क्यांनी चुकली. त्या जाडीवर पुढे शोषणांक काढला होता, त्यावर आणखी दोन आलेख. सगळं परत करावं लागलं, तीन आठवडे गेले.

मुद्दा बायप्रिझमचाच आहे. सूत्र बरोबर होतं. त्यातली जी राशी मी कधी मोजलीच नाही, तिने घात केला. आणि जो विसंगत आकडा मला सावध करत होता, त्याला मी सरासरीत बुडवलं, जसं ०.३१ ला खोडरबराने बुडवलं होतं. (या कामासाठी आर. स्वानेपूल यांची १९८३ ची पद्धत वाचाच. तीत शिखरं आणि दऱ्या यांना जोडणाऱ्या वक्रांवरून अपवर्तनांक प्रत्येक तरंगलांबीला वेगळा काढतात, मग ऑर्डर ठरवतात.)

खोडदला हेच उलटं करतात

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सगळ्यात दूरच्या दोघींमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. अँटेनांची कुठलीही जोडी घ्या, ती म्हणजे यंगचा प्रयोग उलटा फिरवलेला. दोन उद्गमांऐवजी दोन ग्राहक, आणि पट्ट्या आकाशावर. २१ सेंटिमीटर तरंगलांबीला २५ किलोमीटरवर दोन पट्ट्यांमधला कोन ०.२१ भागिले २५,०००, म्हणजे सुमारे १.७ विकला.

पण तिथेही स्मॉल डी सरळ टेपने मोजून भागत नाही. उद्गमाच्या दिशेने पाहिलं तर अँटेनांमधलं जे अंतर दिसतं, तेच सूत्रात जातं, आणि पृथ्वी फिरते तसं ते दर क्षणाला बदलतं. शिवाय अँटेनांची स्थानं तरंगलांबीच्या लहानशा भागाइतकी नेमकी माहीत असावी लागतात. म्हणून रेडिओ व्यतिकरणमापनात ज्यांचं आकाशातलं स्थान पक्कं ठाऊक आहे अशा उद्गमांकडे बघून अँटेनांची स्थानंच सुधारून घेतात. म्हणजे ज्ञात गोष्ट वापरून उपकरण तपासायचं.

हेच बायप्रिझमवर का करू नये? सोडियमची तरंगलांबी आपल्यापेक्षा कितीतरी नेमकी मोजून ठेवलेली आहे. ती ज्ञात धरा आणि पट्ट्यांवरून स्मॉल डी काढा. अनिश्चितता येते ०.२६ आणि ०.५ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ०.६ टक्क्यांच्या आत. भिंगाच्या पद्धतीपेक्षा जवळजवळ चौपट चांगली! "तरंगलांबी काढणे" या नावाने छापलेला प्रयोग खरं तर आभासी उद्गमांमधलं अंतर काढायला जास्त लायक आहे. हे सांगणारं पान मला अजून भेटलेलं नाही.

तुम्ही काय करायचं

पुढच्या वेळी ऑप्टिकल बेंचपुढे उभे राहाल तेव्हा एवढं करा.

एक, तार हलवण्याआधी कागदावर हिशोब करा: पट्ट्या किती दिसतील, किती रुंद असतील. दिसलेलं आणि काढलेलं जुळत नसेल तर रीडिंग घेऊ नका, मांडणी तपासा.

दोन, स्मॉल डी मोजताना स्लिट आणि बायप्रिझमला हात लावू नका, पण आयपीस जवळ आणा. स्मॉल डी आयपीसच्या जागेवर अवलंबून नसतं. २० सेंटिमीटरच्या भिंगाला आयपीस ८५ सेंटिमीटरवर आणला (भिंगाच्या दोन जागा मिळायला ८० च्या पुढे हवाच) तर प्रतिमांमधली अंतरं १.४३ आणि ०.५३ मिलिमीटर होतात, आणि अनिश्चितता २.१ वरून १.४ टक्क्यांवर येते. खर्च शून्य.

तीन, आयपीस दोन वेगळ्या अंतरांवर ठेवून पट्ट्या मोजा आणि पट्ट्यांच्या अंतरातला फरक भागिले आयपीसच्या जागांमधला फरक घ्या. काट्याची चूक दोन्हीकडे सारखीच असल्याने वजा होऊन जाते. मात्र दोन जागा एकमेकींपासून पुरेशा लांब ठेवा, नाहीतर पट्ट्यांमधला फरकच इतका लहान होतो की तिथली अनिश्चितता वाढते.

चार, उत्तराशेजारी अधिक-उणे लिहा, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा कुठल्या मापाचा, हे एका वाक्यात लिहा. पीएच.डी.च्या मुलाखतीला कुणी प्रयोगाबद्दल विचारलं तर तेच वाक्य सांगा.

माझं जुनं जर्नल अजून घरी आहे. ०.३३ च्या खाली खोडलेला ०.३१ उजेडात धरला की दिसतो.